हिंजवडीची तीज आणि बापाची सही

हरतालिकेच्या सकाळी मी सदाशिव पेठेतून हिंजवडीला निघाले. पिशवीत नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी धरलेल्या उपासाची साबुदाण्याची खिचडी होती आणि स्त्री-पुरुष समानतेवरचं चार पानी भाषण. दोन्ही एकाच पिशवीत कसं मावलं, हा प्रश्न मला पडला नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं की स्वतःबद्दल प्रश्न पडणं बंद होतं.

आमंत्रण मायाचं होतं. मूळची नेपाळातल्या पोखऱ्याची माया दोन वर्षं माझ्या सासूबाईंची शुश्रूषा करत होती; मराठी त्यांच्याकडूनच शिकली, म्हणून जरा तिखट आहे. आता ती हिंजवडीच्या एका हॉस्टेलात स्वयंपाक करते. त्यांच्या तीजला (नेपाळी हरतालिकेला) मी दोन शब्द बोलावेत, असं मीच सुचवलं होतं.

आमची बस दोन तास आयटी कंपन्यांच्या बसगाड्यांत अडकली. तेवढ्यात मी खिचडी संपवली आणि शेजारच्या तरुणाला समानता समजावली. त्याच्या कानात हेडफोन होते, हे उतरताना लक्षात आलं.

हॉस्टेलच्या गच्चीवर लाल साड्या नेसून वीसेक बायका नाचत होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मी खिचडीचा रिकामा डबा पिशवीत खाली सारला. एकजण गायची, बाकीच्या हसत साथ द्यायच्या. सासू, दीर, दारू, कामावरचा मालक, कोणी सुटलं नाही.

"आज गाण्यात काहीही बोललं तरी कोणी रागवायचं नाही," माया म्हणाली.

माझ्या चार पानांतले सगळे मुद्दे त्यांनी अर्ध्या तासात नाचून संपवले.

"माया, तुझा नवरा सात वर्षं बेपत्ता आहे ना? मग उपास कोणासाठी?"

"त्याच्याचसाठी, ताई. जिवंत सापडू दे, सही करू दे. मग त्याचं तो बघेल."

तिची मुलगी पोखऱ्यात बारावी झाली आहे. नर्सिंगला जायचंय, पण नागरिकता (नागरिकत्वाचा दाखला) हवी. वडा कार्यालयातले (प्रभाग कचेरीतले) साहेब तीन वेळा म्हणाले, बापाला घेऊन या. चौथ्यांदा म्हणाले, बाप सापडत नाही असं लिहून आणा, मग बघू. माया गुरुवारी पोखऱ्याला निघणार होती.

"तुमचं अक्षर चांगलं आहे, ताई. लिहून द्या ना."

मला संताप आला. त्या साहेबाचा आलाच, पण शाळेतली मीही मला आठवले. प्रगतिपुस्तकावर 'पालकांची सही' म्हणजे वडिलांची, असं धरून आईची सही आणणाऱ्या कितीतरी मुलींना मी परत पाठवलं होतं. वर छडीही दाखवली होती.

भाषणाच्या पानामागे मी लिहायला बसले. माया नेपाळीत सांगत होती. 'बुबा फेला परेनन्' (वडील सापडले नाहीत), आणि खाली, 'म आमा हुँ' (मी आई आहे). दुसरं वाक्य तिने मला ठळक करायला लावलं. मग कोऱ्या कागदावर पक्की प्रत काढून दिली. भाषण कोणी मागितलं नाही.

संध्याकाळी घरी आले. ह्यांनी दार उघडलं.

"काय, भाषण कसं झालं?"

"एकच वाक्य झालं. मी आई आहे."

"हे काय भाषण? एवढं तर कोणालाही कळतं."

"मला तीस वर्षं कळलं नव्हतं," मी म्हटलं, आणि पाणी प्यायला आत गेले.