वरच्या खोलीतल्या अकरा माळा

"अंडे! नाकाडे, अंडे लटकवले तिनं! माह्या देवघराच्या वरतं अंडे!"

लांजेवार गुरुजी जिन्यात उभे राहून ओरडत होते. आवाज असा की हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्याने आपल्यालाच कोणी हाक मारली समजून ब्रेक लावला. मी पाहिलं नाही, पण लावला असणार. गुरुजी पूजेवरून तसेच उठून आले होते. कपाळाला ओलं गंध, कमरेला कोशाच्या रेशमाचं पिवळसर सोवळं, हातात घंटी. प्रत्येक शब्दाला घंटी वाजत होती.

"गुरुजी, घंटी तेवढी खाली ठेवा."

"कायले ठेवू? तू आधी वर चाल!"

मी नाकाडे. लाखनीत भाड्याच्या घरांचं काम पाहतो. घर दाखवणं, करारनामा करणं, किल्ल्या सांभाळणं. लोकांना वाटतं हे काम भाडेकरू येताना असतं. खरं काम तो गेल्यावर सुरू होतं. माणूस जातो, सामान राहतं. मला रिकाम्या घरांत दाताच्या कवळ्या सापडल्या आहेत, लग्नाचे फेटे सापडले आहेत, पाण्याच्या टाकीत पोहणारं बदक सापडलं आहे. एकदा तर गच्चीवर अख्खी बैलगाडी होती. ती वर कशी गेली ते अजून कळलेलं नाही. मी खोटं बोलत नाही, फक्त माप थोडं मोठं घेतो.

गुरुजींची वरची खोली चार महिन्यांसाठी इंदूबाई मेश्रामला दिली होती. बाई दिघोरीची. गावातलं जुनं मातीचं घर पाडून तिथे घरकुलाचं बांधकाम चाललं होतं. स्लॅब पडेपर्यंत ती इथे राहणार होती. करार संपून आठ दिवस झाले होते. बाईचा पत्ता नव्हता, फोन बंद होता आणि कुलूप तसंच होतं. शनिवारी संध्याकाळी बँकेच्या एक मॅडम राहायला येणार होत्या, म्हणून गुरुवारी सकाळी गुरुजींनी आपल्याजवळची किल्ली लावून दार उघडलं. आणि मग घंटी.

मी आत शिरलो. बाहेर उन्हाळा सरत आला होता तरी रस्ता तव्यासारखा होता. आत मात्र तळ्याच्या काठी झाडाखाली दुपार काढावी तसं गार. एका खिडकीवर गोणपाट बांधलं होतं, ते कधीकाळी ओलं असणार. भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवे बांबू. त्या बांबूंना माळा टांगलेल्या. माळेत मातकट रंगाच्या अंडाकृती वस्तू. वारा नव्हता, पण माळा अगदी हळू, अर्धं वळून परत येत होत्या. मी तिथे का गेलो होतो तेच दोन मिनिटं विसरलो.

"पाह्य! अंडे का नाई?" गुरुजी दारातून म्हणाले. पाऊल आत टाकायची त्यांची तयारी नव्हती.

"गुरुजी, अंड्याले देठ नसते."

"मंग बदकाचे असतीन."

एक उचलून मी कानाजवळ हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. दाताखाली धरून पाहिलं. अंड्याला काही झालं नाही, माझा दात मात्र हलला.

आमच्या धंद्यात अशा वेळी पंचनामा करतात. शब्द मोठा आहे, काम साधं. दोन माणसांसमोर एकेक वस्तू लिहायची, तिचा फोटो काढायचा, बंद पेटी उघडायची नाही, आणि भाडेकरूला कळवायचं. मी लिहीत गेलो. एक, स्टोव्ह. दोन, चटई. तीन, पत्र्याची पेटी. असं करत आठवर आलो. झाकणाच्या बांबूच्या टोपल्या, रिकाम्या. मग नऊ.

"अंडे लिव्ह," गुरुजी म्हणाले.

मी लिहिलं: "टणक, देठ असलेल्या वस्तू. माळा अकरा. हलवल्यास खुळखुळतात." सगळ्याचे फोटो काढले, यादीचाही काढला आणि करारनाम्यात जामीनदार म्हणून बाईच्या भावाचा नंबर होता, त्यावर पाठवले. जामीनदार म्हणजे भाडेकरू सापडला नाही तर ज्याला विचारायचं तो माणूस.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. भावाकडून उत्तर नाही. शनिवारी दुपारी गुरुजी माझ्या दारात.

"मॅडम आज येऊन राहिली. तिले काय अंड्याखाली झोपवू?"

माझंही चुकलं. अजून दोन दिवस थांबायला हवं होतं. पण गुरुजींसमोर कोणाचं चालत नाही, पूर्वी चौथीच्या वर्गाचंही चाललं नसावं. मी माळा उतरवल्या. दोन पोत्यांत भरल्या, सुतळीने तोंडं बांधली आणि पोती पोर्चमध्ये स्कूटरला टेकवून ठेवली. उन्हात.

चार वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भाऊ, मी इंदू बोलून राहिली. मेश्राम. तुमच्या यादीतलं नऊ नंबरचं सामान कुठी हाये?"

"पोत्यात."

मग अगदी हळू, "तोंड बांधलं का?"

"गच्च."

"सोडा, भाऊ. आत्ताच्या आत्ता सोडा. तो कोसा हाये. बियाण्याचा कोसा. जीव हाये त्याच्यात."

पुढचं तिने भराभर सांगितलं. सासू पडली, खुब्याचं हाड मोडलं, रातोरात नागपूरला न्यावं लागलं. त्या धावपळीत फोन हरवला. माळांतून पाखरं निघायला वेळ होता, म्हणून तिला वाटलं आपण तोवर परत येऊ. भाऊ रानात होता, त्याने आज फोटो पाहिले. दवाखान्यातल्या नर्सच्या फोनवरून ती बोलत होती.

जे मला त्या दिवशी कळलं ते तुम्हालाही सांगतो. कोसा म्हणजे रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेलं घर. ते उकळून धागा काढतात, मग किडा मरतो. पण थोडे कोसे बियाणं म्हणून राखतात. त्यातून पाखरं निघतात, नरमादी जोडी लावतात, मादी अंडी घालते, अंड्यांतल्या अळ्या जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर सोडायच्या. पाखरं गेली की अंडी गेली. अंडी गेली की हंगाम गेला.

"माह्या आन भावाच्या, दोन्ही घराचं वरीस त्या पोत्यात हाये," ती म्हणाली. "पहिल्या गाडीनं सकाळी पोचतो. पण ते आजच निघतीन, असं वाटते मले. निघाले का उजेड नका दाखवू. उजेडाकडं पळतेत. हायवेचे लाईट दिसले का गेले सारे. आन पालीकडं ध्यान ठेवा."

मी फोन ठेवून गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी पोत्यांकडे पाहिलं. मग त्यांची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. दोरीवर सोवळं वाळत होतं.

"हे... त्याचंच?"

"त्याचंच, गुरुजी. कमरेले चालते, खोलीत चालत नाई."

एक पोतं त्यांनी खांद्यावर घेतलं. सत्तरीचा माणूस, एका उडीत दोन-दोन पायऱ्या चढला. माझ्या हिशेबाने चार-चार.

आम्ही माळा पुन्हा टांगल्या. गोणपाट भिजवून पहिल्या खिडकीवर बांधलं. दुसऱ्या खिडकीला काहीच नव्हतं आणि समोरच धाब्याचा बोर्ड लाल-हिरवा लुकलुकायला लागला होता. गुरुजी खाली गेले. आधी त्यांनी घराचा मेन स्विच बंद केल्याचा खट्ट आवाज आला. मग ते वर आले ते सोवळं घेऊन. कोणाला शिवू न दिलेलं ते धोतर त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकीला बांधलं.

बोर्डाचा उजेड त्या कापडातून गाळून आत आला तेव्हा त्यात लाल राहिलं नव्हतं, हिरवंही नाही. मधासारखा एक रंग खोलीभर पसरला. गुरुजी भिंतीला टेकून बसले, हातात पालीसाठी झाडू. मी पालथ्या बादलीवर.

दिवेलागणीला पहिला आवाज झाला. जुनं पुस्तक उघडताना होतो तसा. एका कोशाच्या देठाजवळ ओला डाग पडला. डाग मऊ झाला, उकलला आणि त्यातून एक केसाळ डोकं बाहेर आलं. मग सगळं पाखरू, ओलं, चुरगळलेलं, नुकतंच झोपेतून उठवल्यासारखं. ते माळेला लटकलं आणि त्याचे पंख हळूहळू खाली उतरायला लागले, घडीची साडी कोणी वरून सोडावी तसे. एक हळदीच्या रंगाची मादी. मग एक विटकरी नर. मग मी मोजणं सोडलं. पंख सुपाएवढे होते. बरं, पापडाएवढे. प्रत्येक पंखावर एक गोल आणि त्या गोलाच्या मधोमध काचेसारखा पारदर्शक तुकडा. पंखाला खिडकी. मी घरांचा माणूस, खिडकी मला लगेच दिसते. त्या खिडकीतून पलीकडच्या पाखराचा पंख दिसत होता आणि त्याच्या खिडकीतून पलीकडचे गुरुजी.

"यायले तोंड नाई म्हणे," मी कुजबुजलो. फोनवर बाई तसं म्हणाली होती. "जेवत नाई, पाणी मागत नाई."

"असा भाडेकरू तू मले कधी आणला नाई," गुरुजी म्हणाले. तेही कुजबुजून. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

जिन्यात चपला वाजल्या. बँकेच्या मॅडम. खाली सामानाचा टेम्पो उभा होता.

"लाईट गेलीये का?" त्यांनी दारातून विचारलं. पुण्याकडच्या होत्या.

"घालवली," गुरुजी म्हणाले. "मोबाईल बंद करा, मॅडम. आत या. बसा."

त्या आत आल्या आणि बसायचं विसरल्या. एक विटकरी नर उडाला, खोलीभर दोन फेऱ्या मारून त्यांच्या ओढणीवर बसला. हायवेवरून ट्रक जात होते. पण त्या संध्याकाळी ते चवड्यावर चालत गेले, शपथेवर सांगतो.

बऱ्याच वेळाने मॅडम म्हणाल्या, "ही खोली मला कधी मिळेल?"

मी कपाळाला हात लावला. मालक, भाडेकरू, गिऱ्हाईक, तिघांपैकी एक तर आज जाणारच.

"बाईचं काम होईल तवा," गुरुजींनीच उत्तर दिलं.

"चालेल. तोपर्यंत लॉजवर राहते. पण संध्याकाळी येऊ ना?"

त्या दिवशी किती पाखरं निघाली? मी चारशे सांगतो. गुरुजी छत्तीस म्हणतात. ते गणित शिकवायचे, म्हणून त्यांचा आकडा नेहमी जरा कोरडा असतो. पण एकही बाहेर गेलं नाही, यावर आमचं एकमत आहे. आणि एक पाल आली होती. गुरुजींनी तिला झाडूने असं हाकललं की ती साकोलीला पोचली असेल.

सकाळी पहिल्या एसटीने इंदूबाई आली. डोळे जागरणाने लाल, पायात वेगवेगळ्या चपला. दारात थांबून तिने एकदा खोली पाहिली. भिंतींवर, बांबूंवर आणि खिडकीवरच्या सोवळ्यावर पाखरांच्या जोड्या निवांत बसल्या होत्या. पदर खोचला, टोपल्या ओढल्या आणि अंगणातली फुलं तोडावीत तशी एकेक जोडी दोन बोटांनी उचलून ठेवायला लागली. उरलेले कोसे पुढे आठवडाभर निघत राहिले. पोत्यातल्या उन्हाने दोन माळा मात्र निघाल्याच नाहीत. ते मी माझ्या नावावर घेतो. बाईने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, हे जास्त लागलं.

पुढच्या रविवारी तिने खोली रिकामी केली, झाडून पुसून. मागे काहीही ठेवलं नाही. सोवळ्यावर पाखरांनी टाकलेला एक तपकिरी डाग तेवढा राहिला. तो गुरुजी अजून धुऊ देत नाहीत. पूजेला तेच नेसतात.

या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकलो. जे सामान आपल्याला कळत नाही ते फेकू नये. त्याला नंबर द्यावा.

महिन्याभराने इंदूबाई लाखनीच्या बसस्टँडवर भेटली. सासू काठीने चालते म्हणाली, अळ्या ऐनावर चढल्या म्हणाली. तिची गाडी यायची होती. मग मी तिला त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. सुपाएवढे पंख, पंखांच्या खिडक्या, मधासारखा उजेड, चवड्यावर चालणारे ट्रक. चंद्र खिडकीशी येऊन थांबला होता, तेही सांगितलं. ती पिशवी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली. गाडी लागली तशी उठली.

"हो," ती म्हणाली. "दरसाल निघतेत."