प्लास्टिकमध्ये बांधलेला अल्बम

मंडळी, अल्बम प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला असेल तर आजच सोडा. आमचा तर गेला.

बाबांचं वर्षश्राद्ध आलंय. मोबाइलमधले फोटो सगळे आजारपणातले आणि आईला फ्रेममध्ये हसरे बाबा हवे होते, म्हणून लग्नाचा अल्बम काढला. उन्हाळ्यात तापू नये म्हणून तिनेच तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कूलरच्या खोलीत ठेवला होता. ओल धरून सगळे फोटो एकमेकांना चिकटलेत.

धारच्या बाजारातला फोटोवाला म्हणाला, "दीदी, खींचोगे तो चेहरा उतर जाएगा."

"राहू दे गं," आई म्हणाली. "आत आहेत ना ते."

घरी येऊन तिने अल्बम पुन्हा त्याच पिशवीत घट्ट बांधला.

आता ती पिशवी तिच्या हातून कोणत्या तोंडाने काढून घेऊ?