विंडोजचा ट्रॅक्टर, लिनक्सचं रान

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही. का नाही, हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि ऐकणारा उठून जाईपर्यंत सांगते. वसमतच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते, राहते कुरुंद्यात, आई आणि अण्णांजवळ. अण्णा म्हणजे माझे वडील. मला बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी मुलीला काय काय येतं असं विचारलं होतं, तेव्हा मी त्यांना, विंडोजऐवजी माझा लॅपटॉप ज्यावर चालतो ते लिनक्स म्हणजे काय, हे पाऊण तास समजावलं. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

गेम खेळायचा नाद जुना. त्यातही नियम कडक: गेम लिनक्ससाठी बनवलेला असेल तरच खेळायचा. मोठे गेम बहुतेक विंडोजसाठी बनतात. ते लिनक्सवर चालवायचे तर मध्ये एक थर बसवावा लागतो. गेमला वाटतं आपण विंडोजशीच बोलतोय; हा थर त्याचं बोलणं ऐकतो आणि लिनक्सला कळेल असं करून सांगतो. काम चोख होतं, पण मला ते पटत नसे. विंडोजचे गेम असे आयते आपल्याकडे चालायला लागले तर आपल्यासाठी वेगळा गेम कोण कशाला बनवेल? लिनक्सवाल्यांच्या एका मराठी ग्रुपवर मी यावर लांबलचक लिहीत असे, आणि कुणी विरोध केला की आणखी लांब. एक गोष्ट मात्र मी तिथे कधी लिहिली नाही. खास लिनक्ससाठी आलेला, मी हौसेनं घेतलेला एक गेम एका अपडेटनंतर उघडेनासा झाला. त्याच गेमची विंडोजची आवृत्ती मधल्या थरातून सुरळीत चालत होती. मी ती एकदा चालवून बघितली आणि लगेच काढून टाकली.

त्या वर्षी हळद काढणीच्या तोंडावर अण्णा बांधावरून घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, ते नीट झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता सगळं यांच्या बसण्या-उठण्यावर आहे. रोज खुर्चीत बसले, वॉकर धरून चालले, तर दोन-तीन महिन्यांत हिंडूफिरू लागतील. पडून राहिले तर पडूनच राहतील.

अण्णा पडून राहिले. चाळीस वर्षं रानात उभा असलेला माणूस, त्याला वॉकर दिसला की तोंड फिरवायचा. आईनं त्या वॉकरवर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली, आणि मला त्या टॉवेलचा राग यायचा. शेजारचे भेटायला येत, हळद किती झाली ते सांगत, आणि अण्णा छताकडे बघत हुंकार देत. मी घाबरले होते. ते आता उठणार नाहीत, असं मला एकटीला वाटत होतं असं नाही, पण बोलून कुणी दाखवत नव्हतं.

माझ्याजवळ होतं ते मी केलं. लॅपटॉप नेला आणि माझा आवडता शेतीचा गेम लावून दिला. अस्सल लिनक्सचा. चौकटी-चौकटीच्या चित्रांतली एक मुलगी एकटीच मुळे उपटते, झारीनं पाणी घालते, विकते. अण्णांनी पाच मिनिटं बघितलं.

"ही पोरगी एकलीच राबून राहिली. गडीमाणूस न्हाई का हिच्याकडं?"

"नाही अण्णा. तसाच गेम आहे."

"आन झारीनं कुठं रान भिजतं का?" म्हणाले आणि डोळे मिटले.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो रविवारी व्हिडिओ कॉल करी. एकदा त्यानं अण्णांना त्याच्या कॉम्प्युटरवरचा ट्रॅक्टरचा गेम दाखवला. खऱ्यासारखा ट्रॅक्टर, मागे नांगर, नांगरामागे उलटत जाणारी काळी माती. अण्णा फोन हातात घेऊन उशीवर कोपरानं टेकले, मग उठून बसले, मग पाय खाली सोडले. आईनं माझ्याकडे बघितलं. चाळीस मिनिटं ते तसेच बसून होते.

"हे आपल्याकडं लाव," त्यांनी मला सांगितलं.

तो गेम फक्त विंडोजसाठी होता. मी दोन दिवस टाळाटाळ केली, हे इथे कबूल करते. तिसऱ्या दिवशी माझंच तत्त्व बाजूला सारून मधला थर बसवला आणि ट्रॅक्टर कुरुंद्याला आणला. पलंगापासून सहा पावलांवर, खिडकीपाशी उजेडाला, टेबल-खुर्ची लावली आणि सांगितलं, खेळायचं तर खुर्चीत बसून. पलंगावर लॅपटॉप मिळणार नाही. अण्णांनी मला एक शिवी दिली. मग वॉकरवरचा टॉवेल स्वतः काढला.

सहा पावलं जायची, सहा यायची. मध्ये दीड-दोन तास बसणं. नांगरट करताना ते गेममधल्या ट्रॅक्टरवरच्या माणसाला शिव्या घालत, कारण धुऱ्याला, म्हणजे बांधापाशी, ट्रॅक्टर वळवताना दोन हात जमीन सुटायची. गावातले लोक बघायला येऊ लागले. खरं रान दाराबाहेर असताना माणूस टीव्हीतलं नांगरतो म्हणून हसत. "अण्णा, पाऊस कधी पाडता?" असं एकानं विचारलं, तर अण्णा म्हणाले, "लागंल तवा. हितं ते आपल्याकडंच हाय." मला इतकं बरं वाटत होतं, की ग्रुपवर काय तोंड दाखवू याचा विचारही मी सोडून दिला. सहा पावलांच्या पुढे मात्र ते जात नव्हते. दारापर्यंत चला म्हटलं की ट्रॅक्टर उभा आहे म्हणत.

तीन आठवड्यांनी ट्रॅक्टर अडखळू लागला. सुरू केल्यावर दहा मिनिटं ठीक, मग धक्के खात, थांबत, उड्या मारत चालायचा. नांगराच्या ओळी वाकड्या. अण्णांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी पलंगावर गेले आणि भिंतीकडे तोंड केलं. "काहून माझा जीव घेऊन राहिली? राहू दे आता," एवढंच बोलले. वॉकर पुन्हा कोपऱ्यात गेला. चार दिवस त्यांनी पाय खाली टाकला नाही.

भावाला कळलं. "ताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, विंडोज टाक. तुझा हट्ट अण्णांच्या पायापेक्षा मोठा आहे का?" मी फोन ठेवला. त्याचं ते वाक्य अजून मला लागतं, कारण त्या वेळी मलाही तीच शंका होती. दोष मी त्या थरालाच दिला. त्याच्या तीन आवृत्त्या बदलून बघितल्या. शेवटी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं: वडील, खुबा, ट्रॅक्टर, माझा मोडलेला नियम. मदत करणारे होते, पण पहिलं उत्तर आलं ते, "आता कळलं ना तुम्हीच काय सांगत होतात ते?" माझेच शब्द मला परत मिळाले होते. मी ठरवलं, हरायचं तर भावाकडून हरू. दुसऱ्या दिवशी विंडोज आणायचं.

त्या दुपारी, फक्त डोकं शांत करायला, मी मुळे उपटणारी मुलगी उघडली. दहा मिनिटांनी तीही अडखळायला लागली.

मी उठून बसले. ती तर लिनक्सचीच होती. तिच्यात कुठला थर नव्हता, दुभाष्या नव्हता, आणि असली चित्रं तर माझ्या जुन्यात जुन्या मशीनवर धावायची. लॅपटॉपच्या पोटाला हात लावला तर चटका बसला. मी स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं. आतला पंखा पिवळा होता. पात्यांवर, जाळीवर, कोपऱ्याकोपऱ्यात हळद बसली होती, बेसन लावावं तशी जाड. पंखा अडला की मशीन तापतं, आणि तापलं की अडखळत चालतं.

खिडकीखालीच अंगणात पॉलिशचा ढोल लावला होता. वाळलेली हळद त्यात घालून फिरवतात, वरची साल घासून निघते आणि तिची धूळ दिवसभर उडते. लॅबमधल्या मशीनवर बोटभर खडूची भुकटी दिसली तर मी शिपायाला धारेवर धरते. आणि इथे रोज सकाळी लॅपटॉपवरची ती पिवळी पूड फडक्यानं झटकताना माझ्या मनात एकदाही आलं नाही, की हे आत जात असेल. आमच्या घरात हळदीला कुणी धूळ म्हणतच नाही. कापलं तर हळद, खोकला आला तर हळद, देवाला हळद. तिच्यानं काही बिघडेल हे डोक्यातच येत नाही. सगळ्या हिंगोली जिल्ह्यात माझ्याइतकी हुशार बाई नाही, आणि ती हळदीच्या गावात ही चूक करते, वर आठवडाभर विंडोज-लिनक्सवर भांडते.

मी रंगाचा ब्रश घेऊन बसले. आईनं खाली पेपर अंथरला. "पायाखाली पडू देऊ नको, हळद हाय ती," म्हणाली.

"कशानं झालतं?" अण्णांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"ढोलाच्या धुळीनं. वारा इकडंच आहे."

"त्या मधल्या थरानं न्हाई?"

"नाही. विंडोज असतं तरी हेच झालं असतं."

मग पलंग वाजला. मी झाकण बसवत होते, मला वाटलं खुर्चीकडे येत आहेत. ते खुर्चीवरून पुढे गेले. दारापाशी थांबले, वॉकर उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवला आणि स्वतः उंबरा ओलांडला. मी धावले तर म्हणाले, "हात लावू नको." ओसरीची एक पायरी आहे. तीही उतरले. अंगणात, ढोलापासून चार हातांवर जाऊन उभे राहिले.

"हा ढोल तिकडं चिंचंखाली न्या. माझं मशीन बंद पडून राहिलं."

ढोलावरचे गडी हसले. एक म्हणाला, "अण्णा, तुमच्या खोट्या शेतीपायी खरी हळद हलवायची व्हय?"

"व्हय. हलवा. तवर मी हितून हलत न्हाई."

भरलेला ढोल हलत नाही, आधी रिकामा करावा लागतो. त्यांनी ढोल बंद केला आणि हळद पोत्यांत काढायला घेतली. अर्धा तास तरी जाणार होता. मी खुर्ची आणली, अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. आई ओसरीच्या खांबाला धरून तोंडावर पदर घेऊन उभी होती. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. "काय ठरवलंस ताई? टाकतेस का विंडोज?" मी कॅमेरा अंगणाकडे वळवला. पोती भरली जात होती. अण्णा वॉकरवरचा एक हात काढून, ढोल नेमका कुठे ठेवायचा ते दाखवत होते.

मग तो घाबरल्यासारखा म्हणाला, "ताई, किती वेळ उभे आहेत ते? बसव त्यांना."

मी म्हणाले, "तू येऊन बसवून दाखव."