विहिरीवरचं टेबल

हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये नोकरी केली की पैसे साठोत न साठोत, किस्से मात्र साठतातच. पहाटे रहाटणीहून स्कूटी काढते, आणि महाळुंग्याला पोहोचेपर्यंत कालचं काहीतरी आठवून एकटीच हसते. सिग्नलवरची माणसं वळून वळून बघतात. नवरा म्हणतो, "अगं, लिहून काढ एकदा." मी म्हणते, "तू पोरांचे डबे भर, मी लिहिते." त्यामुळे आजवर लिहिणं झालं नव्हतं!

मी इथं सुपरवायझर आहे. इडली गरम आहे का, ज्यूस संपलाय का, हे बघणं माझं काम. येणारे बहुतेक आजूबाजूच्या कंपन्यांचे पाहुणे. कुणी मशिन बसवायला, कुणी ऑडिटला, कुणी ट्रेनिंगला. कंपनीत फटाफट निर्णय घेणारी ही माणसं बुफेसमोर रिकामी प्लेट घेऊन उभी राहिली की दहावीचा गणिताचा पेपर हातात आल्यासारखी दिसतात.

*

एकदा एका कंपनीनं नवी घेतलेली पोरं आमच्याकडे उतरवली. लातूर, बीड, परभणीकडची. पहिल्या दिवशी सगळी दारातच घोळक्यानं उभी. शेवटी एकाला पुढं ढकललं गेलं.

"मॅडम, ह्यातलं काय काय घ्यायचं असतंय?"

"सगळं घ्या."

"आन् परत घेतलं तर?"

"परत घ्या. तिसऱ्यांदाही घ्या."

तो मागं वळून ओरडला, "या रे! लिमिट नाही म्हणलेत!"

दोन दिवसांत पोरं तरबेज झाली. सॅलडमधले मोड आलेले मूग वाडग्यात, त्यावर सांबार, त्यावर मूठभर कॉर्नफ्लेक्स, वरून कांदा आणि लिंबू. सोबत ब्रेड. झाली मिसळ!

मशिन बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर हे सगळं मागं उभा राहून बघत होता. त्यानं मला विचारलं, हा पदार्थ कुठल्या काउंटरवर आहे? मी काही बोलायच्या आत एका पोरानं त्याला वाडगा भरून दिला आणि सांबाराचा वरचा तवंग दाखवून विचारलं, "सर, तर्री?"

सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सर स्वतःच कांदा शोधत फिरत होते. पुढं आठवडाभर किचनमध्ये एकच चर्चा, इडल्या तेवढ्याच जातात, मग सांबार दुप्पट कसं लागतंय?

*

आमच्या ऑम्लेट काउंटरवर इक्बालभाई असतो. देहूरोडचा. हातात कालथा आणि जिभेवर टोमणा, दोन्ही कायम गरम.

एका चतुर्थीला एक मोठे साहेब आले. मला म्हणाले, "आज आपल्याला काही नको. उपवास आहे."

मी म्हटलं, "ठीक आहे सर."

मग साहेबांनी पपई घेतली. कलिंगड घेतलं. केळी घेतली, दही घेतलं. भिजवलेले बदाम घेतले. नंतर इक्बालभाईसमोर जाऊन हळूच म्हणाले, "भाई, नवा पॅन असेल तर बटाटे जरा तुपात परतून देता? जिरं घाला. मिरची चालते आमच्यात."

इक्बालभाईनं पॅन घासून, पुसून बटाटे परतून दिले. साहेबांनी ते संपवले आणि पुन्हा मागायला आले. पुन्हा दिले.

ते गेल्यावर इक्बालभाई माझ्याकडे आला. "मॅडम, रमजानमध्ये मी दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. येत्या साली ह्या साहेबांचा उपवास धरावा म्हणतो!"

*

एक ऑडिटर यायचे. त्यांचं नाव काढलं की कंपन्यांमधली माणसं उभ्या उभ्या घामाघूम व्हायची. हे गृहस्थ रोज खाऊन झालं की इकडं तिकडं बघायचे, दोन उकडलेली अंडी आणि एक केळं नॅपकिनमध्ये गुंडाळायचे आणि लॅपटॉपच्या बॅगेत सरकवायचे. बुफेतलं बाहेर न्यायचं नाही हा नियम. पण त्यांना सांगणार कोण?

इक्बालभाईनं त्यांचं नाव ठेवलं, अंडेवाले बाबा.

एकदा मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या मागोमाग पार्किंगमध्ये गेले. साहेबांनी गाडीची काच वाजवली. पहाटेच गाडी घेऊन निघालेला ड्रायव्हर सीटवर झोपला होता. त्याला उठवून साहेबांनी नॅपकिन त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "खाऊन घे आधी. गडबड नाही."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वर येऊन इक्बालभाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब अंडी घ्यायला गेले, तर त्यानं सोललेली दोन अंडी आणि मीठ-मिरपुडीची छोटी पुडी समोर ठेवली. "साहेब, ड्रायव्हरभाऊंना असं कोरडं नका नेऊ."

साहेब कानापर्यंत लाल. ऑडिटर स्वतः पकडला गेलेला मी तेवढाच पाहिला!

*

आता तात्या.

हॉटेल उभं आहे ते तात्यांच्या वावरात. जमीन देताना त्यांनी एकच हट्ट धरला होता. जिवात जीव असेपर्यंत मला आणि मंडळींना रोज सकाळची न्याहारी हितंच पाहिजे. मालकांनी शब्द दिला आणि पाळला.

तात्या रोज येतात. पांढरी टोपी, करकर वाजणाऱ्या वहाणा, आणि खिडकीजवळचं ठरलेलं टेबल. त्या जागी त्यांची विहीर होती. कुणी पाहुणा चुकून तिथं बसला, की तात्या त्याच्या कानाशी जाऊन गंभीरपणे सांगतात, "साहेब, तुमी विहिरीत बसलाय." पाहुणा ताडकन उठतो!

आक्का, म्हणजे तात्यांच्या मंडळी, मात्र कधीच आल्या नव्हत्या. जमीन द्यायलाच त्यांचा विरोध होता. "जलमभर ज्या वावरात डोक्यावर न्याहारी घिऊन गेले, तितं आता पाव्हणी म्हणून जाऊ व्हय?" असं म्हणाल्या आणि हॉटेलच्या रस्त्यालासुद्धा फिरकल्या नाहीत.

तरी तात्या रोज दोन प्लेटी घ्यायचे. स्वतःच्या प्लेटीत समोर येईल ते. आक्कांच्या प्लेटीला मात्र पोरीला स्थळ बघावं तशी चौकशी. "शिरा मऊ हाय का? तिला दात न्हाईत." "ह्यो हलवा गाजराचा का? मग नगं, तिला गाजराचा राग हाय." "ते पिवळं काय? घाला थोडं, तिला पिवळा रंग आवडतो."

भरलेली प्लेट समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवायची, आपलं खायचं, आणि उठताना म्हणायचं, "उद्या यील."

ती न शिवलेली प्लेट इक्बालभाई उचलायचा, आणि तेव्हा मात्र त्याला एकही टोमणा सुचायचा नाही.

*

मग आमच्याकडे नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नाही. पण अन्न वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. त्यांनी दारावर दोन पाट्या लावल्या. एक, हवं तेवढंच घ्या. दुसरी, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.

एका सकाळी ते तात्यांच्या टेबलाशी गेले. अगदी नम्रपणे म्हणाले, "तात्या, तुम्ही रोज या. पण काकू काही येत नाहीत. तेव्हा ती दुसरी प्लेट आता राहू द्या."

"बरं," तात्या म्हणाले. आणि स्वतःचे पोहे तसेच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. पाहुणे खिडकीजवळ खुशाल बसायला लागले. इक्बालभाई म्हणाला, "मॅडम, विहीर बुजली."

मी तात्यांच्या घरी फोन केला. सून म्हणाली, "ताई, घरीपण सकाळचं काहीच खात नाहीत. आक्का ताट पुढं करतात, हे भूक नाही म्हणून सरकवतात. काय करावं कळंना." मी मॅनेजर साहेबांना सांगितलं, तर त्यांचाही चेहरा उतरला.

*

आणि मग एका सकाळी, हॉल गच्च भरलेला असताना, दारात आक्का उभ्या! हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मागं शाळेत घातलेल्या पोरासारखे तात्या.

गार्डनं पाटीकडं बोट दाखवलं. आक्का म्हणाल्या, "बाजूला हो बाबा. ह्यांची न्याहारी हाय. वावरात बसल्याबिगर ह्या माणसाला घास उतरत न्हाई."

गार्ड बाजूला झाला.

आक्का सगळ्या काउंटरांवरून सावकाश फिरल्या. झाकणं उघडून बघितली. मग मला विचारलं, "एवढं मांडून ठिवलंय, आन् वाढायला कुणीच न्हाई?"

"आक्का, इथं ज्याचं त्यानं घ्यायचं असतं."

"मग पाव्हणा कशाला म्हणायचं त्येला?"

मी पुढं होऊन त्यांना खिडकीजवळचं टेबल दाखवलं.

खिडकीजवळ बसलेले पाहुणे आपण होऊन उठले. आक्कांनी पांढऱ्या टेबलक्लॉथवर फडकं सोडलं. भाकरी, पिठलं, ठेचा. कांदा टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडला, तसा अख्खा हॉल वळून बघायला लागला. तात्या लगबगीनं उठले, एक प्लेट भरून आणली आणि आक्कांपुढं ठेवली. "शिरा मऊ हाय."

आक्कांनी एक घास खाल्ला. "व्हय, हाय."

इतक्यात मॅनेजर साहेब टेबलाशी येऊन थांबले. मी मनात म्हटलं, झालं! इक्बालभाईचं ऑम्लेट पॅनमध्येच करपलं.

आक्कांनी त्यांच्याकडं वर बघितलं. "तुमी मालक का?"

"नाही काकू. मॅनेजर."

"म्हंजी कामाचंच माणूस की. बसा. न्याहारीच्या वक्ताला वावरात आल्यालं माणूस आमी उपाशी धाडत न्हाई."

साहेबांनी दारावरच्या पाटीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि खुर्ची ओढली.

तोंडात घास असलेले तात्या घाईघाईनं म्हणाले, "साहेब, जरा अलीकडं सरकून बसा. तितं विहीर हाय."