आक्कांच्या मागाचा खड्डा

समस्त शहापूरकरांनी टोप्या सावरून उभं राहावं. सरकारदरबारी गाजावा अशा एका अत्यंत गंभीर विषयावर मी आज बोलणार आहे. विषय आहे, खड्डा.

हसू नका. विणकराच्या घरात देवघराखालोखाल मान असतो तो मागाच्या खड्ड्याचा. त्यात पाय सोडून माणूस बसतो, पायांनी पावड्या दाबतो, तेव्हा कुठं लुगडं पुढं सरकतं. आमच्या शेजारच्या आक्कांनी नवं घर बांधायला काढलं, तेव्हा पाया खणण्याचा सारा कारभार स्वतःकडे घेतला. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. गवंड्यानं विचारलं, "आक्का, घराचं तोंड कुणीकडं?"

"माग जिकडं बघतोय तिकडं."

आक्का आता नाहीत. असत्या, तर या लेखाचाही पाया त्यांनी दुसऱ्यांदा खणायला लावला असता.

कासोटा आवळून त्या चरात उतरत. गवंड्यानं मारलेल्या चुन्याच्या फक्कीवर त्यांचा विश्वास नसे. मागावरचं सूत ताणून त्या पुन्हा रेघ तपासत, आणि गवंडी आभाळाकडे बघत उभा राही. कुणी तंबाखू मळायला थांबला की आवाज येई, "आधी खड्डा, मग गप्पा!" मी एकदा कुंपणाला टेकून खणणाऱ्यांना गोष्ट सांगत होतो. आक्कांनी घमेलं माझ्या हातात दिलं. "तोंड चालतंय न्हवं? हातबी चालू द्यात की." माझ्या धोतराला लागलेला मातीचा तांबडा रंग शेवटपर्यंत गेला नाही.

जुनं घर पाडल्यावर मागाचा खड्डा तेवढा उघड्यावर राहिला. आक्का म्हणाल्या, "मागावर बसताना माझ्या पोराचे गुडघे हनुवटीला लागायल्यात. खड्डा आणि खोल करा."

कुदळ पडली आणि ठण्ण झालं.

माती बाजूला केली, तर तांब्याचा हंडा. तोंडावर थाळी, कडा चिखलानं लिंपलेल्या. गवंडी ओरडला, "आक्का, पेढे काढा! लक्ष्मी आली!"

आक्का वाकून बघत होत्या. बघता बघता त्या मातीच्या ढिगावर मटकन बसल्या.

मंडळी, हा हंडा आम्हां साऱ्या गल्लीला ठाऊक होता. प्लेगात पेठ रिकामी करून माणसं रानात झोपड्या घालून राहिली होती. आक्कांची सासू तिथंच तापात गेली. सगळे परत आले, तर घरातला पाणी भरायचा हा हंडा नाहीसा. मधल्या काळात घराकडे फिरकला होता तो एकटा धाकटा दीर, मागावरचं सूत उंदरांनी खाल्लं का बघायला. आक्कांनी त्याला भर गल्लीत विचारलं होतं, "भावजी, हंडा कुठं इकलासा?" तो त्याच दिवशी घर सोडून गेला, तो लोंढ्याच्या स्टेशनावर हमाल झाला. भावाच्या मातीलाही आला नाही.

आणि सासूनं गाव सोडताना हंडा इथं पुरून वरून जमीन चोपून सारवली होती. सांगायच्या आत ती गेली. चालता मागाचा खड्डा कोण कशाला खणून बघतो?

गवंडी हंडा काढायला वाकला. "हात लावू नगा," आक्का म्हणाल्या. "भावजींस्नी त्यांच्या डोळ्यांनी बघू द्यात." पोराला त्यांनी लोंढ्याला धाडलं. "दुसऱ्या बाजूचा चर घेऊ का?" असं माणसांनी विचारलं, तर आक्कांनी कुदळी खाली ठेवायला लावल्या. काम थांबलं. त्या काठावर बसून राहिल्या. शेजारणींनी ठेवलेलं पाणी तसंच राहिलं. तो येईल की नाही, याची आम्हांला खात्री नव्हती. त्यांनाही नसावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर आला. केस पिकलेले, ओझ्यानं एक खांदा खाली गेलेला. गल्ली गोळा झाली होती, पण कुणाच्या तोंडून शब्द नाही. माझ्यासुद्धा!

आक्का उठल्या. "भावजी..." त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

तो खाली उतरला. तळव्यानं माती सारली, हंडा उचलला, काखेत धरून पाहिला, पुन्हा समोर धरला. आता हा रडणार, नाहीतर शिव्या देणार, असं आम्हांला वाटलं. तो नुसता हंडा फिरवत होता. मग त्यानं वर बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"वैनी, एवढाच होता व्हय हंडा?"