जिथे दुखत नव्हतं

आमच्या गल्लीतल्या पेंटरला उंचीची भीती कधी ठाऊक नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला डावा हात अडकवून उजव्या हाताने तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि खाली उभ्या असलेल्या माणसांशी गप्पाही हाणायचा. घरात बायको आणि एक शाळकरी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत. असा हा माणूस घाबरला, तो मात्र जमिनीवर, स्टुलावर बसून काम करताना.

काम दवाखान्याचं होतं. नंबर येईपर्यंत पेशंट ज्या लांब व्हरांड्यात ताटकळत बसतात, तिथल्या भिंतीवर रोगांची माहिती रंगवायची. रोगाचं नाव, तो कशाने होतो, लक्षणं काय, आणि शेजारी एक चित्र. मजकूर तिथल्या सिस्टरने दिला होता.

पहिला चौकोन हिवतापाचा. डासाचे पाय काढताना पेंटर मजेत होता. दुसरा मधुमेहाचा: सारखी तहान, सारखी लघवी, न भरणारी जखम. त्या दिवशी घरी येऊन त्याने तांब्या तोंडाला लावला आणि पिता पिताच थबकला. आपल्याला हल्ली तहान जास्त लागते का? काविळीचा चौकोन झाला त्या संध्याकाळी तो आरशापुढे खालच्या पापण्या ओढून उभा होता. क्षयाबद्दल लिहिलं होतं की खोकला लांबतो, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं, आणि खोकल्यातून तो दुसऱ्याला लागतो. तेव्हापासून बायको केर काढताना खोकली तरी याच्या छातीत धस्स व्हायचं.

बायकोने त्याची चेष्टा केली. रोग भिंतीवर काढायचे असतात, अंगावर ओढवून घ्यायचे नसतात, म्हणाली. तो हसला, पण जेवण काही धड गेलं नाही.

मग कुष्ठरोगाचा चौकोन आला. हा त्याला लवकर उरकायचा होता, कारण लहानपणी त्याने आपल्या थोरल्या काकांना पाहिलं होतं. मागच्या अंगणातल्या खोलीत ते एकटे राहत. ताट उंबऱ्याबाहेर ठेवून लोक मागे सरत. काकांचं नाव निघालं की आजी विषय बदलायची.

‘त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा. त्या जागी स्पर्श कळत नाही.’ एवढी अक्षरं झाली आणि त्याचा हात थांबला. डाव्या कोपराच्या वर त्याला एक फिकट डाग होता. आधी रंग समजून त्याने तो टर्पेंटाइनने घासला होता, मग उन्हाचा असेल म्हणून नाद सोडला होता. त्याने कोरडा ब्रश मनगटावर फिरवला. केसांची टोकं नीट कळली. मग डागावर फिरवला. ब्रश डोळ्यांना दिसत होता, कातडीला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. खिशाला लावलेली टाचणी काढून त्याने डागावर टोचली. रक्ताचा थेंब वर आला. दुखलं नाही.

तहानेची भीती, खोकल्याची भीती, त्या सगळ्यांत थोडी तरी मजा होती, हे त्याला आत्ता कळलं. आवरतं घेऊन तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी कामावर फिरकलाच नाही.

घरात त्याने आपलं ताट, पेला वेगळा केला. चादर वेगळी, साबण वेगळा. चिमणी गळ्यात पडायला आली की तो उठून उभा राहायचा. विचारलं तर पाठ धरलीय म्हणायचा. डाव्या हाताची करंगळी जरा ढिली पडलीय आणि त्या हातातून वस्तू निसटतात, हेही त्याच्या आता ध्यानात आलं. पाट्यांची कामं तो टाळू लागला. काकांची खोली त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

बायकोने बरंच सोसलं. शेवटी एका दुपारी चिमणी शाळेत असताना तिने दार लावून घेतलं.

“दुसरी कुणी असेल तर सांगून टाका. हे चोरासारखं वागणं मला बघवत नाही.”

“तसं असतं तर बरं झालं असतं गं,” तो म्हणाला आणि त्याने बाही वर केली. मग सगळं सांगितलं, काकांसकट.

ऐकताना तिचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तिने पुढे होऊन डागावर तळवा ठेवला.

“माझा हात कळतोय का?”

“नाही.”

तिने बाही खाली ओढून डाग झाकला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दवाखान्यात घेऊन गेली ती तीच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला लावले. कापूस लागला की त्या जागी बोट ठेवा, म्हणाल्या. तो कापसाची वाट पाहत बसून राहिला. डोळे उघडले तेव्हा कळलं, डागावर कापूस केव्हाच लावून झाला होता. मग त्यांनी कोपराच्या मागची शीर चाचपली, करंगळी ताणून बघितली आणि सांगितलं की हा कुष्ठरोगच आहे.

“बोटं झडणार का?” त्याने विचारलं.

बोटं अशी झडत नाहीत, त्यांनी समजावलं. जंतू शिरांना धरतो, जागा बधिर होते, मग भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि जखमा चिघळून बोटं जातात. औषध आहे, आणि ते नेमाने घेतलं तर रोग पुरता बरा होतो.

“आणि घरात वेगळं राहायचं नाही. औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. मात्र आधी लागला नाही ना, ते बघायला हवं. दोघींना तपासणीला आणा.”

एवढ्या दिवसांत त्याने स्वतःच्या हाताचाच विचार केला होता. आता त्याला आठवलं, चिमणीच्या गालावर एक फिकट ठिपका आहे.

बायकोची तपासणी पटकन झाली, काही निघालं नाही. मग चिमणीला पडद्याआड नेलं. पेंटर बाहेर बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर त्याचंच अक्षर होतं, पण एकही ओळ त्याला वाचता येईना. बायकोने त्याचा हात धरला. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चिमणीचा वैतागलेला आवाज आला, “बाई, कळतंय मला, गालावरच तर लावताय!” पेंटरने तोंडावर रुमाल धरला आणि तो हमसून हमसून रडला. तो ठिपका साधाच होता.

औषध सुरू झालं. लघवी लाल होईल असं बजावलं होतं, तरी पहिल्यांदा बघून तो धावत दवाखान्यात गेला आणि सिस्टरची बोलणी खाऊन आला. औषधाने कातडी काळवंडली. रोगाचं कानावर गेल्यावर त्याची बहीण यायची बंद झाली, ती आजवर आलेली नाही. राहिलेला चौकोन त्याने पुरा केला आणि सिस्टरला विचारून खाली एक ओळ वाढवली, की हा रोग बरा होतो.

रोग बरा झाला. करंगळी तेवढी वाकडी राहिली, कोपरावरची जागा बधिरच राहिली. उंचावरची कामं त्याने सोडली. चिमणी आता मोठी झालीय. ती उन्हातून आली की तो अजून तिला दारात थांबवतो आणि विचारतो, “अंगावर कुठे काही नवीन दिसतंय का गं?” ती नाही म्हणते. तरीही तो तिचे हात उजेडात धरून बघतो.