कामावर गेलेल्या टोपल्या

मुंगी तिथे धड जेवत नसणार, ही काळजी आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. मुंगी म्हणजे तिची धाकटी लेक. लहानपणी वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून पडलेलं नाव तिशी उलटली तरी चिकटून होतं. चार वर्षं ती डोंगरातल्या आदिवासी वस्तीवर मास्तरीण होती. बस संपते तिथून दीड तास चढण. पहिल्याच वर्षी रडकुंडीला येऊन तिने घरी बदलीचा अर्ज लिहिला होता आणि मग तो फेकून द्यायला सांगून विसरून गेली होती. आईने तो कपाटात जपून ठेवला. आता लेकीला न विचारताच तिने तो शिक्षण खात्यातल्या आपल्या भावाला दिला.

"सोमवारी सही होते, ताई. तू निश्चिंत राहा," भाऊ म्हणाला.

हे लेकीला समोरासमोर सांगावं म्हणून शनिवारी आई धापा टाकत शाळेत पोचली.

दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर. वर्गातलं काचेचं कपाट सताड उघडं आणि रिकामं.

"यात काय होतं गं?"

"पोरांनी विणलेल्या पहिल्या टोपल्या. मीच माती खाल्ली." मुंगीने आईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "वस्तीतली टोपलीवाली आजी शिकवायला येते. तपासणीचे साहेब येणार म्हणून मी टोपल्या नावाच्या चिठ्ठ्या लावून कुलपात ठेवल्या. आजीने बघितलं आणि आठ दिवस फिरकली नाही. घरी गेले तर म्हणाली, मेलेल्या वस्तू बनवायला मी शिकवत नाही. पहिली टोपली वापरून वापरून फुटली पाहिजे. कुठून फुटली ते बघूनच दुसरी विणायची. तिच्यासमोर कान धरले आणि येऊन कुलूप काढलं."

"मग आता साहेबांना काय दाखवणार?"

"बघू की. येतच असतील ते."

साहेब आले. घाम पुसत त्यांनी कपाटाकडे बघितलं. "बाई, अहवालात तेवीस टोपल्या लिहिल्यात तुम्ही."

"कामावर गेल्यात, साहेब."

साहेबांनी हा टोपल्यांचा वर्ग बंद केला तर लेक काय करेल, असं आईच्या मनात आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. बदलीचा अर्ज तर तिनेच भावाला दिला होता.

तेवढ्यात पोरं आली. कुणाच्या टोपलीत सरपण, कुणाच्या शाळेच्या वह्या. एका मुलीच्या टोपलीत बटाटे होते. साहेबांच्या पुढ्यातच टोपलीचा तळ सुटला आणि बटाटे त्यांच्या बुटांपर्यंत घरंगळले. मुलगी जराही ओशाळली नाही. टोपली उलटी धरून ती ओट्यावर येऊन बसलेल्या टोपलीवाल्या आजीकडे गेली. दोघी तळावर वाकल्या आणि आपल्या भाषेत भराभरा बोलू लागल्या. मुंगीने त्यातले दोन शब्द फळ्यावर लिहिले. पोरांनी ते वहीत उतरवून घेतले.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"तळाचा दुसरा वेढा सैल राहिला. त्या वेढ्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. माझ्या भाषेत मला अजून सापडला नाही."

साहेबांनी एक बटाटा उचलून ओट्यावर ठेवला. "फुटलेल्या टोपलीचा फोटो अहवालाला लावला तर चालेल?"

"तोच लावा."

साहेब गेल्यावर मुंगी पोरांच्या पंगतीत बसून जेवली. आजीने तिला न विचारताच तिसऱ्यांदा वाढलं. "ही जेवताना मोजत नाही," आजी आईला म्हणाली, "म्हणून मी मोजते."

आईने हात धुतले. "मुंगे, इथे रेंज कुठे मिळते?"

"मागच्या मोठ्या खडकावर. कुणाला लावतेस?"

"मामाला. तुझा तो जुना बदलीचा अर्ज मी त्याच्याकडे दिलाय. सोमवारी सही आहे. ती थांबवायला सांगते."

मुंगीचा घास हातातच राहिला. "तू तो फेकला नव्हतास?"

"कपाटात होता."

मुंगी बाजूला सरकत म्हणाली, "डाव्या बाजूने चढ. उजवीकडे निसरडं आहे."

आईने पदर खोचला, पिशवीतून फोन काढला आणि डाव्या बाजूने खडक चढू लागली.